टेहरी धरण

उत्तराखंडातील टेहरी गढवाल जिल्ह्यात, भागीरथी व भिलंगना यांच्या संगमाच्या लगेच खाली बांधलेले माती-दगडाच्या भरावाचे धरण. उंची 260.5 मीटर, भारतात याहून उंच धरण नाही. एकूण साठवणक्षमता 3,540 दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे 125 टीएमसी (अब्ज घनफूट). कोयनेपेक्षा वीसेक टीएमसी जास्त. जलाशयाला स्वामी रामतीर्थ सागर असे नाव दिले आहे. रामतीर्थ 1906 साली टेहरीजवळच नदीत बुडून वारले, हे ठाऊक असलेल्याला ते नाव जरा चमत्कारिक वाटते.

मातीचे धरण म्हटले की आपल्याला जायकवाडीसारखी लांबच लांब, बुटकी भिंत आठवते. इथे मात्र अरुंद घळच भरून काढली आहे. माथ्याची लांबी जेमतेम 575 मीटर, तर तळाशी भरावाची रुंदी किलोमीटरहून अधिक. मधोमध चिकणमातीयुक्त, पाणी न झिरपणारा गाभा. त्याच्या दोन्ही अंगांना वाळू-खडीचे गाळणथर. बाहेर गोटे-दगडांचा जाड भराव. गाळणथराचे काम बारीक पण जिवाचे: थोडे पाणी झिरपणारच, पण त्याने गाभ्याची माती सोबत नेता कामा नये. डोंगर ठिसूळ फिलाइट खडकाचे आणि टापू भूकंपप्रवण, म्हणून किंचित दबले-सरकले तरी चालेल असा भराव इथे सोयीचा. त्याचे वैरी म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. ते काय करते हे पुण्याने 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा पाहिले. टेहरीत त्यासाठी उताराच्या सांडव्याखेरीज दोन्ही तीरांवर विहिरीसारखे उभे सांडवेही आहेत.

योजनेला 1972 साली मंजुरी मिळाली, काम 1978 मध्ये सुरू झाले आणि वीज 2006 साली आली. भूमिगत वीजगृहात 250 मेगावॉटचे चार संच आहेत. खालच्या कोटेश्वर धरणावर आणखी 400 मेगावॉट. कोटेश्वरचे पाणी पुन्हा वर चढवून मागणीच्या वेळी सोडणाऱ्या 1,000 मेगावॉटच्या पंप-साठवण प्रकल्पाचे संच 2025 पासून चालू होऊ लागले. दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यातही या साठ्याचा वाटा आहे.

चिपको आंदोलनातले पर्यावरणवादी सुंदरलाल बहुगुणा यांनी नदीकाठी झोपडी बांधून, दीर्घ उपोषणे करून धरणाला विरोध केला. तरीही 1815 साली वसलेले जुने टेहरी शहर घंटाघरासकट पाण्याखाली गेले. लोकांना डोंगरावरच्या नव्या टेहरीत किंवा खाली हरिद्वार-डेहराडूनकडे हलवले. खोऱ्यातल्या नदीकाठच्या शहरातून थेट कड्यावरच्या थंडीत जाणे, याला पुनर्वसन म्हणताना जीभ अडखळते.

पूर्ण साठ्याला पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 830 मीटर असते, तर नीचतम 740. उन्हाळ्याअखेर पाणी उतरले की हिरव्या डोंगराखाली उघड्या मातीचा भुरा पट्टा दिसतो. ना शेत, ना जंगल. पलीकडच्या प्रतापनगर भागाचे जुने रस्ते-पूल बुडाल्याने तिथल्या लोकांना मोठा वळसा पडू लागला. 725 मीटर लांबीचा डोबरा-चांठी झुलता पूल त्यांना मिळाला तो नोव्हेंबर 2020 मध्ये.