टाइमशेअरची सही करण्याआधी हिशेब मांडा

टाइमशेअर म्हणजे दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचे सभासदत्व. ते विकण्याची पद्धत ठरलेली आहे. मॉलमध्ये कूपन भरले की काही दिवसांत फोन येतो: "तुमची निवड झाली आहे, भेटवस्तू न्यायला पती-पत्नी दोघांनी या." दोघांची अट मुद्दाम असते. "घरी विचारून सांगतो" असे म्हणून उठता येऊ नये, हा तिचा हेतू. दीड-दोन तास रिसॉर्टचे फोटो दाखवून झाले की कागदावरचा आकडा खोडून खाली लहान आकडा लिहितात आणि ही सवलत फक्त आजच्यापुरती, असे सांगतात. आमच्या अनेक ग्राहकांनी त्याच टेबलावर क्रेडिट कार्ड काढून दिले आहे, म्हणून हे पत्रक.

बहुतेक योजनांत तुम्ही विकत घेता तो दरवर्षी आठवडाभर राहण्याचा हक्क, बहुधा २५ वर्षांसाठी. खोली तुमच्या नावावर होत नाही. त्यामुळे विक्रेत्याने "गुंतवणूक" म्हटले तरी आम्ही हा खर्चच धरतो.

उदाहरणादाखल सभासदत्व ४ लाखांचे धरा. १८ टक्के जीएसटीसह ४,७२,००० रुपये झाले. हीच रक्कम ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत वर्षाला ३३,०४० रुपये व्याज देते आणि मुद्दल शाबूत राहते. शिवाय देखभालीसाठी दरवर्षी वेगळी भरायची वर्गणी २०,००० धरली, तर करासह २३,६००. म्हणजे बुडालेले व्याज आणि वर्गणी मिळून सात रात्रींसाठी वर्षाला ५६,६४० रुपये, एका रात्रीचे आठ हजारांहून जास्त. जेवण, प्रवास वेगळा. त्या दरात त्याच गावात चांगले हॉटेल मिळते का, हे आधी पाहा. हप्त्यांवर घेतले तर व्याजाची भर पडते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ही वर्गणी. त्या वर्षी तुम्ही कुठेही गेला नाहीत तरी ती भरावी लागते आणि थकली की बुकिंग बंद होते. दरवर्षी ६ टक्के वाढली तर बारा वर्षांत ती दुप्पट होते. आज पंचेचाळिशीत असलेल्या माणसाला सत्तरीपर्यंत ती भरायची आहे, निवृत्तीनंतरसुद्धा. करारात वाढीवर कमाल मर्यादा लिहिली आहे का, ते शोधा.

स्वस्त सभासदत्वात दिवाळी आणि मे महिना सहसा येत नाही. शाळेत जाणारी मुले असतील तर नेमके तेच दिवस हवे असतात. मुले मोठी झाली आहेत, सुट्टी केव्हाही काढता येते, महिनोन्महिने आधी बुकिंग करायची सवय आहे, अशा कुटुंबांना योजना परवडूही शकते. अशी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत, पण थोडी.

बाहेर पडणे अवघड असते. पुनर्विक्रीत मूळ किमतीचा लहानसा भागच हाती येतो. "तुमच्या सभासदत्वाला गिऱ्हाईक तयार आहे, आधी एनओसीचे (ना-हरकत प्रमाणपत्राचे) पैसे भरा" असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका.

मुदतीअंती पैसे वाढवून परत देण्याचे आश्वासन असेल तर जास्तच सावध राहा. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलच्या खोल्यांच्या रात्री विकत असेच पैसे गोळा केले. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०१६ मध्ये सात हजार कोटींहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश दिला. आपल्या राज्यातल्या लाखो घरांचे पैसे त्यात अडकले.

युरोपीय संघात सही केल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात लिहिली असेल तेवढीच मुदत. पैसे भरून झाले असतील आणि मन बदलले असेल, तर त्या मुदतीत ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हींनी कळवा. तोंडी आश्वासने विक्रेत्याकडून ईमेलवर लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे लागते. तक्रार तुमच्याच जिल्ह्यात करता येते आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही.

सही करण्याआधी कोरा करारनामा मागून घ्या आणि आमच्याकडे घेऊन या. वाचून समजावून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.