औरंगाबाद औरंगजेबाने वसवलेलं नाही

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनं औरंगाबाद, औरंगजेबाने वसवलं असं अजूनही कितीतरी लोक सांगतात. साफ चूक आहे हे. १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी शहर उभं केलं मलिक अंबरने, आणि हा माणूस मूळचा इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादहून पुढे दख्खनला आला आणि स्वतःच्या हिमतीवर अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, केवढी झेप आहे ही! त्याची नहर-ए-अंबरी तर कमालच, डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळातून थेट शहरात, ना पंप ना मोटर, फक्त उताराचा अचूक हिशोब. जमिनीचा कस बघून सारा ठरवायची पद्धतही त्याने बसवली. शिवाय १६२४ ला भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या तरी त्याने हरवल्या, शहाजीराजे तेव्हा त्याच्याच बाजूने लढले.

मग औरंगजेब कुठून आला? तर १६२६ मध्ये अंबर वारला, मुलाने शहराला फतेहनगर म्हटलं, आणि १६५३ ला दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने आपलं नाव दिलं. बस, एवढंच. अंबरची कबर खुलताबादला आहे, वेरूळला जाल तेव्हा आवर्जून बघा.