रिपोर्ट एकीचा, काळजी साऱ्या भावकीची

समजा, गडहिंग्लजकडची पंचेचाळिशीतली एक बाई स्तनाच्या कर्करोगावर उपचार घ्यायला कोल्हापुरात आली आहे. डॉक्टर बीआरसीए जनुकांची, म्हणजे ज्यांच्यातल्या बिघाडाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो त्या जनुकांची, तपासणी सुचवतात. कारण रास्त आहे. या जनुकांत जन्मजात बिघाड असेल, तर कर्करोगाच्या पेशींना आपला तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. ओलापॅरिबसारखं औषध सांधण्याची उरलेली वाटही अडवतं आणि त्या पेशी मरतात. रुग्णाची जनुकं पाहून औषध ठरवण्याचा हा खरोखर मोठा फायदा आहे.

पण असा बिघाड सापडला, की तो तिच्यापुरता राहत नाही. तिच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि प्रत्येक मुलात तो असण्याची शक्यता साधारण 50 टक्के असते. तो वडिलांकडूनही येतो, त्यामुळे नुसती आजोळची चौकशी पुरत नाही. संमतीपत्रावर सही मात्र तिची एकटीची.

आमच्या भागात सोयरीक जुळवताना घराण्याची चौकशी पार मामाच्या गावापर्यंत होते. मामाची मुलगी करण्याची रीतही आहे, म्हणजे माहेर-सासरची नाती आधीच एकमेकांत गुंतलेली. थोरलीला स्थळं येत असताना आई हा रिपोर्ट कपाटात ठेवून देईल, आणि त्याबद्दल तिला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. पण त्याच मुलीला वेळेवर कळलं, तर तिशीच्या आतच नियमित एमआरआय तपासणी सुरू करता येते. बहिणीला, मुलीला कोण सांगणार, कधी आणि कसं, हे रक्त घेण्याआधीच बोललं गेलं पाहिजे. त्यासाठी जनुकीय समुपदेशक हवा. डॉक्टरांच्या गर्दीच्या ओपीडीत हे बोलणं होत नाही.

विम्याची भीतीही खरी आहे. जनुकांवरून आरोग्यविम्यात भेदभाव करायला अमेरिकेने 2008 मध्ये कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा अजून नाही.

आणखी एक अडचण. जगभरातला जनुकीय डेटा बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे, त्यामुळे आपल्या माणसांच्या रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा जास्त येतो, म्हणजे सापडलेला बदल घातक की निरुपद्रवी हे ठरवता येत नाही. सुमारे 10,000 भारतीयांच्या जनुकसंचाचा ‘जीनोम इंडिया’चा डेटा जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, त्याने ही उणीव हळूहळू भरेल. तोवर, निव्वळ अशा शेऱ्यावरून कुणी स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेला तयार होऊ नये. रिपोर्ट जपून ठेवावा आणि दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांना पुन्हा दाखवावा. तोवर शेरा बदललेला असू शकतो.