लेबलवरची न दिसणारी खूण : ऑर्डर देण्याआधी हे वाचा

तुमच्या लेबलवर जे जे डोळ्यांना दिसतं, ते नकली माल करणारा स्कॅन करून छापू शकतो. क्यूआर कोडसुद्धा. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडवर तो सक्तीचा आहे आणि गिऱ्हाइकाला त्याचा उपयोगही होतो. पण कोड जसाच्या तसा उचलता येतो. म्हणून नेहमीच्या छपाईसोबतच आम्ही एक अशी खूण छापतो, जी उजेडात दिसत नाही आणि झेरॉक्समध्ये उतरत नाही.

स्वस्तातला प्रकार यूव्ही (अतिनील) शाईचा. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्ही टॉर्चखाली ती चमकते. मात्र ही शाई आणि टॉर्च आज कुणालाही विकत मिळते. बियाणं, कीटकनाशक, औषध यांच्यासाठी एवढ्यावर भागवू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. बियाणं बोगस निघालं तर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो.

अशा मालासाठी इटर्बियम आणि एर्बियम ही दोन मूलद्रव्यं असलेल्या रंगद्रव्याची शाई वापरतो. यूव्ही टॉर्चखाली ती गप्प राहते. ९८० नॅनोमीटरचा अदृश्य इन्फ्रारेड झोत पडला की हिरवी उजळते. हा झोत डोळ्यांवर कधीही मारू नका.

कागदाची निवड फार महत्त्वाची. पांढऱ्याशुभ्र कागदातली उजळद्रव्यं यूव्हीखाली स्वतःच निळसर चमकतात आणि खूण त्यात हरवते. काही वॉर्निश, म्हणजे छपाईवरचे पारदर्शक लेप, यूव्ही अडवतात. बऱ्याच यूव्ही शाया उन्हात फिक्या पडतात. त्यामुळे तुमच्याच कागदावर, तुमच्याच वॉर्निशखाली नमुना छापून तपासल्याशिवाय आम्ही मोठी ऑर्डर घेत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : खूण लेबल खरं असल्याचं सांगते, आतल्या मालाचं नाही. रिकाम्या खऱ्या बाटल्या भंगारातून उचलून पुन्हा भरल्या जातात. त्यावर उपाय म्हणजे खूण झाकण आणि बाटली यांना जोडणाऱ्या पट्टीवर घ्यायची, म्हणजे उघडताना ती फाटते.

खुणेची जागा तुमच्याकडच्या मोजक्या माणसांनाच माहीत असावी. तपासणाऱ्याने तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नये. वाया गेलेली लेबलं आम्ही मोजून, बारीक कातरून नष्ट करतो. तुमच्या पॅकिंग विभागातही तसंच करा.

येताना सध्याची लेबलं, कोरा कागद आणि बाजारात नकली माल सापडला असेल तर तोही आणा. नक्कल कशी केली आहे हे पाहूनच कोणती शाई लागेल ते ठरवता येतं.