टेबल पटत नाही? आधी ‘एन’ बघा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वर्णनात्मक आकडेवारीचं, म्हणजे सरासरी, टक्केवारी वगैरे एकत्र मांडणारं टेबल निघेना किंवा निघालेलं पटेना, की पुष्कळ जण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. त्यात वेळ जातो आणि टेबल होतं तसंच राहतं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सॉफ्टवेअर खरोखर बिघडलेलं क्वचितच सापडतं, गोची बहुतेकदा रकान्यातच असते. म्हणून कळवण्याआधी खालच्या गोष्टी एकदा तपासून बघा. (आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायची.)

एन कमी का आला?

सरासरीकडे नंतर वळा. एन म्हणजे त्या रकान्यातल्या किती नोंदी हिशेबात धरल्या गेल्या तो आकडा. फाइलमध्ये ४० ओळी आणि टेबलात एन ३७ असेल, तर उरलेल्या ३ नोंदी एक तर रिकाम्या आहेत किंवा आकड्याच्या वेषातला मजकूर आहेत. एक्सेलमध्ये आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसला आणि अलाइनमेंट तुम्ही बदललेली नसेल, तर तो मजकूर आहे असं समजा. ॲव्हरेज फंक्शन असे सेल गुपचूप वगळतं, एररही देत नाही. वेबपेजवरून कॉपी केलेल्या आकड्यामागे एक वेगळ्या जातीची स्पेस येते आणि ट्रिम फंक्शनने ती जात नाही. ती एका सेलमधून कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सगळीकडची काढावी लागते.

आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिक्षा जास्त कडक आहे. वजनाच्या रकान्यात एकाच ठिकाणी ‘५२ किलो’ असं लिहिलेलं असलं, तरी फाइल वाचताना अख्खा रकाना मजकूर होऊन बसतो. रकाना फॅक्टर (ठरावीक वर्गांचा, म्हणजे ‘पातळ्यां’चा रकाना) झालेला असेल तर आणखी जपा. १०, २०, ३० असा फॅक्टर थेट ‘ॲज.न्यूमेरिक’मध्ये घातला, तर हातात १, २, ३ येतात, म्हणजे पातळ्यांचे क्रमांक. आधी ‘ॲज.कॅरेक्टर’ आणि मग ‘ॲज.न्यूमेरिक’ असं करा.

सरासरीच्या जागी ‘एनए’ (म्हणजे गहाळ) आलं तर ‘एनए.आरएम = ट्रू’ (गहाळ नोंदी वगळा) लिहिल्यावर काम होतं. पण किती नोंदी गहाळ आहेत हे पाहिल्याशिवाय ते लिहू नका, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

एन बरोबर, पण सरासरी अवाच्या सवा

मग सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत बघा. ४० जणांपैकी ३८ जणांचं सरासरी वय ३५ आहे आणि दोघांनी वय सांगितलं नाही म्हणून तिथे ९९९ भरलंय असं धरा. टेबल सरासरी वय ८३.२ दाखवेल आणि त्यात सॉफ्टवेअरचा काडीचाही दोष नसेल. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिएबल व्ह्यू’तल्या ‘मिसिंग’ रकान्यात ९९९ नोंदवा. इतर ठिकाणी टेबल काढण्याआधी ते रिकामं करून घ्या. रिकाम्या जागी ० भरण्याची सवय तर त्याहून वाईट, कारण ० कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

दोन सॉफ्टवेअर, दोन उत्तरं

ही तक्रार आम्हाला सर्वांत जास्त आवडते, कारण दोन्ही उत्तरं बरोबर असतात. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे घ्या. सरासरी ५. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ३२. तिला ८ ने भागून वर्गमूळ काढलं तर प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) २ येतं, ७ ने भागून काढलं तर २.१४. पूर्ण समूहाची माहिती हातात असेल तर ८, नमुना असेल तर ७. एक्सेलमध्ये ‘एसटीडीईव्ही.पी’ पहिलं देतं आणि ‘एसटीडीईव्ही.एस’ दुसरं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तर नमपाय हे पॅकेज आपणहून पहिलं देतं आणि पँडाज हे पॅकेज दुसरं. सर्वेक्षणाच्या टेबलात बहुधा दुसरंच हवं असतं.

चतुर्थकांचंही (क्रमाने लावलेले आकडे चार समान भागांत वाटणारे बिंदू) तसंच. याच आठ आकड्यांचा तिसरा चतुर्थक एक्सेलच्या ‘क्वार्टाइल.इंक’ने ५.५ येतो आणि ‘क्वार्टाइल.एक्स्क’ने ६.५. आरमध्ये चतुर्थक काढायच्या ९ पद्धती आहेत. काही सांगितलं नाही तर सातवी धरली जाते आणि ती ‘इंक’शी जुळते. कोणतीही एक पद्धत धरा, टेबलाखाली तिचा उल्लेख करा आणि अहवाल संपेपर्यंत ती बदलू नका.

हवा तो आकडा टेबलात नाही

आरमधलं जीटीसमरी हे पॅकेज सुरुवातीला मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि चतुर्थक दाखवतं, सरासरी मागून घ्यावी लागते. शिवाय रकान्यात १० पेक्षा कमी वेगवेगळे आकडे असले, तर ते त्याला वर्ग समजून टक्केवारी मांडतं. ‘टाइप’मध्ये तो रकाना ‘कंटिन्युअस’ असल्याचं सांगा. एसपीएसएसच्या ‘डिस्क्रिप्टिव्हज’मध्ये मध्यक मिळतच नाही, त्यासाठी ‘फ्रिक्वेन्सीज’मध्ये जा. पँडाजचं ‘डिस्क्राइब’ मजकुराचे रकाने गाळतं, ते हवे असतील तर ‘इन्क्लूड’मध्ये ‘ऑल’ द्या. आरमधल्या स्टारगेझर पॅकेजचं टेबल रिकामं आलं तर तुमचा डेटा टिबल (आरमधल्या तक्त्याचा एक प्रकार) आहे का पाहा, ‘ॲज.डेटा.फ्रेम’ केलं की आकडे दिसतात.

टक्केवारीची बेरीज ९९.९ आली तर काही करू नका. तीन समान भाग ३३.३ असे लिहिले की तेवढीच होणार. बेरीज ९२ आली तर मात्र गहाळ नोंदी छेदात धरल्या गेल्या असण्याची शक्यता मोठी.

आणि नवं टेबल वर्ड फाइलमध्ये उतरतच नसेल, तर ती फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे का ते बघा. हसू नका, हे नेहमी होतं.

तरीही अडलं तर

स्क्रीनचा फोटो पुरत नाही. एररचा पूर्ण मजकूर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, चालवलेल्या आज्ञा आणि गडबड दिसते त्या रकान्यातल्या वीसेक ओळी पाठवा. लोकांची नावं, फोन नंबर आणि पत्ते आधी काढून टाका. ते असलेली फाइल आम्ही न उघडता परत पाठवतो.