धातुबंध

धातूच्या अणूंना एकत्र बांधून ठेवणारे आकर्षण म्हणजे धातुबंध. या अणूंची आपल्या बाह्यतम इलेक्ट्रॉनांवरची पकड सैल असते. घन धातूत हे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत, स्फटिकभर फिरतात. मागे उरलेले धन आयन आणि हा फिरता ऋण प्रभार यांच्यातली ओढ हाच तो बंध. मुक्त इलेक्ट्रॉनांची कल्पना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पाउल ड्रूड यांनी १९०० मध्ये मांडली. त्यांचेच देशबंधू आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी तिला पुढे पुंजवादाची (क्वांटम सिद्धांताची) जोड दिली.

वीज आणि उष्णता दोन्ही मुख्यतः हेच इलेक्ट्रॉन वाहतात, म्हणून विजेचा चांगला वाहक सहसा उष्णतेचाही चांगला वाहक असतो. चकाकीही त्यांचीच. वितळणबिंदू मात्र एवढ्या सरळ हिशेबात बसत नाही: सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळते, टंगस्टन ३४२२ अंशांना.

बंध बदलला की पदार्थ किती बदलतो, हे बेळगावात दिसते. हिंदाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइट या खनिजापासून ॲल्युमिना निघते. ही पांढरी भुकटी ॲल्युमिनियमचीच, पण ऑक्सिजनशी जखडलेली. मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून चकाकी नाही आणि घनरूपात वीजही वाहत नाही. ती वितळायला २००० अंशांहून जास्त ताप लागतो, शुद्ध धातूला ६६० अंश पुरतात.

तांब्याची घागर ठोकून घडवता येते, कारण अणूंचे थर सरकले तरी इलेक्ट्रॉन त्यांना धरूनच असतात. मिठाच्या खड्यात थर सरकला की सारखे प्रभार समोरासमोर येतात आणि खडा फुटतो. प्रत्यक्षात अख्खा थर एकदम सरकत नाही. स्फटिकातले दोष थोडेथोडे पुढे जातात. ठोकता ठोकता हे दोष एकमेकांत अडकतात, तांबे कडक होते, मग तांबटाला ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावे लागते.

मग बेळगावच्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत ओतलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, घणाच्या घावाने का तडकते? तेही धातूच आहे. इथे दोष धातुबंधाचा नाही, कार्बनचा. बिडात तो ३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात साचतो. भेग त्यांच्या कडांनी धावते. वितळलेल्या रसात थोडे मॅग्नेशियम घातले की ग्राफाइटच्या गोळ्या बनतात. कामगार ज्याला ‘एसजी’ (स्फेरॉइडल ग्राफाइट, म्हणजे गोलाकार ग्राफाइटचे) म्हणतात ते हेच लोखंड, आणि ते तुटण्याआधी बऱ्यापैकी वाकते.