हस्की, त्याची जीभ आणि खानदेशचा उन्हाळा

सायबेरियन हस्की पाहिला की माणूस आधी त्याच्या निळ्या डोळ्यांच्या प्रेमात पडतो. या निळाईचा संबंध १८व्या गुणसूत्रावर डीएनएचा एक तुकडा दोनदा येण्याशी आहे, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं. पण जळगाव, धुळे किंवा नंदुरबारात हा कुत्रा पाळायचा असेल तर डोळ्यांआधी त्याचे केस आणि त्याची जीभ समजून घ्यायला हवी.

हस्कीचे पूर्वज ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी वाढवले. हलकं ओझं, मध्यम वेग आणि खूप लांबचा पल्ला अशी त्यांची कामगिरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अलास्कात पोचले. १९२५ च्या हिवाळ्यात नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध पोचवायला दुसरी वाट नव्हती. बर्फावरच्या घसरगाड्या हाकणारे सुमारे वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी आळीपाळीने जवळपास १०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापलं. शेवटचा टप्पा बाल्टो नावाच्या कुत्र्याच्या तुकडीने धावला, म्हणून नाव त्याचं झालं. सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा मात्र टोगो या बारा वर्षांच्या कुत्र्याच्या तुकडीने ओढून नेला होता. मला टोगोचं मोल जास्त वाटतं.

बर्फात दिवसभर धावणारा असा कुत्रा दिवसाला दहा हजार कॅलरींहून जास्त ऊर्जा खर्च करू शकतो. स्नायू काम करतात तेव्हा या ऊर्जेतला मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. उणे तीस अंशांत ही उष्णता त्याला जिवंत ठेवते. ती निसटू नये म्हणून अंगावर केसांचे दोन थर असतात: आत दाट, मऊ लोकर आणि वर लांब, राठ केस. पंजात गरम रक्त नेणाऱ्या आणि थंड रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना लागून असतात, त्यामुळे परतणारं रक्त वाटेतच तापतं. उष्णता तयार करायची आणि धरून ठेवायची, याच कामासाठी हे शरीर घडलंय.

आता हाच कुत्रा मे महिन्यात भुसावळला आणा. कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं. बाहेर पारा ४५ ला टेकला की हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम. अशा वेळी अंगातली उष्णता हवेत जात नाही, उलट हवेतली अंगात शिरते. मग एकच मार्ग उरतो, बाष्पीभवनाचा. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो; कुत्र्याला तो मुख्यतः पंजांना येतो आणि तेवढ्याने भागत नाही. म्हणून तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि श्वसनमार्गातलं पाणी उडवून रक्त गार करतो.

आपल्या घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो खोली झकास गार करतो, पण जूनमध्ये ढग दाटले की नुसती दमट हवा फेकतो. हस्कीच्या जिभेचंही तसंच होतं. मेमध्ये भरपूर पाणी आणि सावली मिळाली तर धापा टाकणं थोडंफार कामी येतं. पावसाच्या तोंडावर पारा ३५ वर उतरला म्हणून मालक निर्धास्त होतो आणि संध्याकाळी कुत्र्याला पळवतो. हवेत ओल इतकी असते की जिभेवरचं पाणी फारसं उडत नाही. मेपेक्षा या दिवसांत जास्त जपा, असं माझं सांगणं आहे.

पुष्कळ लोक उन्हाळा लागताच हस्कीला भादरून आणतात. तसं करू नका. वरचे केस कातडीला थेट उन्हापासून वाचवतात, आणि मुळापासून कापलेले केस कधी कधी नीट परत येत नाहीत. आतली लोकर मोसम बदलताना पुंजक्यापुंजक्यांनी गळते. ती रोज फणीने काढली की हवा कातडीपर्यंत पोचते. इथे वाढलेला हस्की काही प्रमाणात उष्म्याला सरावतो, पण गल्लीतल्या आखूड केसांच्या, सडपातळ गावठी कुत्र्याची बरोबरी तो करू शकत नाही.

त्याला पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवणं क्रूरपणाच आहे. मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर असेल तर तिथली फरशी त्याला आवडेल. स्लॅबच्या घरात दुपारी कूलर हवाच, आणि दमट दिवसांत एसी. फिरणं सूर्योदयाआधी. डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टिकत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. पळवायची खरी मजा डिसेंबर-जानेवारीत, धुळ्याकडच्या रात्री दहा अंशांखाली उतरतात तेव्हा.

स्वभावाने तो माणसांत रमणारा आहे, राखण मात्र करणार नाही. चोराचंही शेपूट हलवून स्वागत करेल. भुंकण्यापेक्षा हेल काढून रडतो. कोंबड्या आणि शेळीच्या करडांपासून त्याला लांब ठेवा, शिकारीची ओढ तीव्र असते. कुंपणाखालून माती उकरून पळून जाण्यात तर तो पटाईत. शेवभाजीचा रस्सा प्रेमाने घालू नका: कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

उष्माघाताची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत. न थांबणारी धाप, चिकट घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या. शरीराचं तापमान ४१ अंशांवर गेलं तर आतले अवयव निकामी होऊ लागतात. लगेच सावलीत आणा, साधं पाणी पोटावर, काखेत, जांघेत आणि केसांच्या मुळाशी पोचेल असं ओतत राहा, आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. कुत्रा उठून बसला तरी त्याला पशुवैद्याकडे न्यायचंच. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा कधी कधी काही तासांनी, तर कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते.